नदाफ मॅडमनी सुचवलेला विषय

नदाफ मॅडमना 'स्कोप' हा शब्द ऐकवत नसे. बारावीचा निकाल लागला की आमच्या सांगलीच्या कॉलेजात पालकांची रीघ लागायची आणि प्रत्येकाच्या तोंडी तोच प्रश्न. "मॅडम, सध्या कशाला स्कोप आहे?" मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या, विचारणाऱ्या बापाला काहीच उत्तर द्यायच्या नाहीत आणि शेजारी मान खाली घालून बसलेल्या पोराकडे वळायच्या.

"बाळ, काय करत बसलास की तुला जेवायची आठवण होत नाही?"

पोरं गोंधळायची. काही बापाच्या तोंडाकडे बघायची. मॅडम वाट बघायच्या. ती वाट बघणं आम्हा बाकीच्यांना अवघड जायचं, कारण बाहेर व्हरांड्यात रांग वाढत असायची. त्यांना त्याचं काही नसे.

शमशाद नदाफ हे त्यांचं पूर्ण नाव. त्या फिजिक्स शिकवायच्या आणि मी गणित. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी होती. माझ्याहून त्या बऱ्याच मोठ्या, त्यामुळे मी त्यांची पहिल्या आठवड्यापासून 'सुनंदा' आणि 'अगं'. त्यांनी लग्न केलं नव्हतं. विश्रामबागेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि सुट्टीला रहिमतपूरला भावाकडे जायच्या. कडक स्टार्चच्या सुती साड्या, पदराला कायम खडूची पूड, आणि एक जुनी स्कूटी, जी त्या रस्त्याच्या मधोमध अत्यंत संथपणे चालवायच्या. मागचा हॉर्न वाजवून दमला तरी बाजूला होत नसत. रमजानात रोजा असला तरी दुपारचे तास उभ्यानंच घ्यायच्या. घसा कोरडा पडून आवाज फाटायचा, पण खुर्ची पुढं केली तर रागवायच्या. "बसून फिजिक्स होत नाही," हे त्यांचं वाक्य सगळ्या कॉलेजला पाठ होतं.

अलीकडच्या वर्षांत पोरं त्यांच्याकडं एक नवीनच नाव घेऊन यायला लागली होती. क्वांटम कॉम्प्युटर. कुणी मोबाइलवर काहीतरी बघितलेलं असायचं, कुणाला क्लासवाल्यानं सांगितलेलं असायचं. एकदा मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी मुलाला घेऊन आले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, पोरगं म्हनतंय क्वांटम का काय ते करायचं. लय स्कोप हाय म्हनं. त्याची ब्रांच कुठं मिळती?"

मॅडम हसल्या. "भाऊ, अशी एक ब्रांच नसते. तुमच्या गुऱ्हाळात ऊस तोडणारा वेगळा, चुलवाणावर बसणारा वेगळा आणि काहिलीतला पाक बघून गूळ झाला म्हणणारा वेगळा. एकच माणूस सगळं करतो का? तसंच आहे हे. ते यंत्र अतिशय थंड ठेवावं लागतं, ते करणारा वेगळा. त्याला तारा जोडून हुकूम देणारा वेगळा. आत काय चालवायचं ते लिहिणारा वेगळा. आणि ते यंत्र सारखं चुकतं, त्या चुका पकडायचं गणित करणारा आणखी वेगळा." मग पोराला तो नेहमीचा प्रश्न. पोरगं जरा लाजलं आणि म्हणालं, सौद्याचे भाव मोबाइलवर आपोआप लागावेत म्हणून त्यानं वडिलांसाठी एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो चुकत होता तेव्हा आई जेवायला हाका मारून थकली होती.

"मग तू कॉम्प्युटर घे," मॅडम लगेच म्हणाल्या. "फक्त या सुनंदा मॅडमचं गणित सोडू नकोस. मॅट्रिक्स येत नसतील तर क्वांटमच्या दारात कुणी उभं करणार नाही."

त्याच्या मागं आलेला पोरगा गल्लीतले मिक्सर आणि पंखे दुरुस्त करणारा होता. त्याला इलेक्ट्रॉनिक्स सांगितलं. दोघंही खूश होऊन गेले. मॅडमचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि तो चुकत नाही याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

अश्विनी यादव त्यांच्याकडं काही विचारायला आली नव्हती. मॅडमनीच तिला हेरली.

तिचं गाव खंडाळा तालुक्यात. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरी ऊस आणि पाठच्या दोन धाकट्या बहिणी. अकरावी-बारावीसाठी तिला सांगलीला मामाकडं ठेवलं होतं. बारीक अंगाची, शेवटच्या बाकावर बसणारी मुलगी. एकदा प्रॅक्टिकलला सोनोमीटर लावला होता. ताणलेली तार, तिच्याखाली लाकडी पेटी, आणि तार वाजवून कंपनं मोजायची. बाकी सगळ्यांनी वाचनं घेतली, वह्या भरल्या आणि निघून गेले. अश्विनी तिथंच उभी. मॅडमनी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "मॅडम, तार मधल्या कुठल्याच सुरात का वाजत नाही? ठरलेल्याच सुरात का? तिला कोण सांगतं?"

मॅडम स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, रहिमतपूरहून काही वाईट बातमी आली. त्या म्हणाल्या, "अगं, हा माझा प्रश्न आहे. मी एवढीशी होते तेव्हाचा."

मॅडमचे वडील पिंजारी होते. रहिमतपूरच्या बाजारपेठेत गाद्या भरायचे. कापूस पिंजायची ती मोठी कमान, तिची ताणलेली तात, आणि लाकडी ठोक्यानं वाजणारा तिचा आवाज. लहानपणी मॅडम त्या कापसाच्या ढगात बसून वडिलांना विचारायच्या की ही कायम असाच आवाज का करते. वडील म्हणायचे, "बेटा, उसकी मर्जी." मॅडम आम्हाला हे नेहमी सांगायच्या आणि पुढं म्हणायच्या, "ती मर्जी शोधायलाच मी फिजिक्स घेतलं. दोन टोकं बांधली की तार वाटेल तशी थरथरू शकत नाही. पुढं कळलं की अणूतल्या इलेक्ट्रॉनचंही थोडंफार तसंच. अब्बाजानना क्वांटम ठाऊक नव्हतं, पण आमचं घर त्यावरच चाललं होतं."

त्यानंतरची दोन वर्षं अश्विनी रोज कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेत असायची. मी शेजारच्या वर्गातून ऐकायचे. दोघी भांडायच्या. खरंच भांडायच्या. अश्विनी म्हणायची, "तुमी म्हणता म्हणून नाही मानणार," आणि मॅडम फळा पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बारावीला अश्विनीला मार्क उत्तम पडले. सुभेदारांनी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची सीट जवळजवळ पक्की केली होती. इकडं ती दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या विज्ञान संस्थेची परीक्षाही पास झाली होती. तिथं पाच वर्षांत फिजिक्सची एमएस्सी, आणि क्वांटम कॉम्प्युटरवर खरोखर काम चालणारी प्रयोगशाळा. सुभेदार मॅडमना भेटायला आले. ताठ बसले. पांढरी टोपी गुडघ्यावर.

"मॅडम, मी फौजी मानूस. मला सीधी बात सांगा. कॉम्प्युटर घेतला तर चार सालात नोकरी. पुन्यातच. आनी हे फिजिक्स घेतलं, तर कवा?"

मॅडम म्हणाल्या, "सुभेदार साहेब, तुमच्या मुलीसारखी मुलगी मी आजवर शिकवली नाही."

"ते हाय वो. पर कवा?"

"लागेल. नक्की लागेल. आता सगळं जग या विषयाच्या मागं लागलंय. थोडी कळ काढावी लागेल, एवढंच."

सुभेदार लेकीकडं बघत राहिले. अश्विनी जमिनीकडं. शेवटी ते उठले, टोपी घातली. "तुमी गुरू हाय. तुमी म्हनताय तर धाडतो. आमाला काय कळतंय त्यातलं." दारातून बाहेर पडता पडता त्यांनी मॅडमना कडक सॅल्यूट ठोकला. मॅडम लहान मुलीसारख्या लाजल्या.

अश्विनी गेली. दर रविवारी मॅडमना तिचा फोन यायचा. तिसऱ्या वर्षी तिला त्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट मिळाला तेव्हा तिनं यंत्राचा फोटो पाठवला. सोनेरी चकत्या एकाखाली एक टांगलेल्या, त्यांतून लोंबणाऱ्या असंख्य तारा. लग्नाच्या हॉलमधलं झुंबर उतरवून ठेवावं तसं. मॅडमनी तो फोटो प्राचार्यांपासून कँटीनच्या मावशींपर्यंत सगळ्यांना दाखवला. मावशी म्हणाल्या, "सोन्याचं हाय व्हय ओ?" मॅडम म्हणाल्या, "सोन्यापेक्षा महाग. आणि आतून इतकं थंड की तेवढी थंडी आकाशात चांदण्यांच्या मधेसुद्धा नसते. आपली अश्विनी आहे तिथं." मावशींनी फोटोला हात लावून नमस्कार केला.

चौथ्या वर्षी सुभेदारांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. घरात कर्ता म्हणून चुलता पुढं आला. त्यानं ऊस सांभाळला, दवाखाना सांभाळला. वाईट माणूस नव्हता. पण त्याच्यासमोर तीन मुली होत्या. चांगलं स्थळ आलं, तालुक्यातलंच, मुलगा फौजेत. 'शिक्षण पुरं करू देतो,' असंही ते लोक म्हणाले. मॅडमनी चुलत्याला फोन लावला. मी शेजारी होते आणि फोनचा आवाज मोठा होता.

"एकच वर्ष राहिलंय हो," मॅडम म्हणत होत्या. "एक वर्ष थांबा."

"मॅडम, एका वर्सानं काय व्हतंय? म्होरं पीएचडी हाय म्हनती. ती पाच-सा वर्सं. तिच्या मागं दोगी हायत. कॉम्प्युटर केलं असतं तर आज पोरगी पुन्यात कमवत असती. तिचा पगार आला असता तर तिच्या लग्नाचं नाव काढायची कुनाची टाप नव्हती. आमी तरी काय सांगून थांबवायचं लोकांस्नी?"

चुलत्यानं दोनदा "हॅलो" म्हणून फोन ठेवला.

लग्न झालं. अश्विनी संस्थेत परत गेली नाही. आधी सासूचं आजारपण, मग दिवस गेले, मग संस्थेनं नाव कमी केलं. रविवारचे फोन बंद झाले. मॅडम मात्र तिला मोबाइलवर पाठवत राहिल्या: अमुक ठिकाणी नवीन यंत्र झालं, त्याचा फोटो; तमुक विद्यापीठात मध्येच शिक्षण सुटलेल्यांना प्रवेश देतात. निळ्या खुणा उमटायच्या, म्हणजे वाचलं जायचं. उत्तर यायचं नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीत त्या मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. एकटीनं जायचं धाडस होत नाही." आम्ही एसटीनं साताऱ्याला आणि तिथून खंडाळ्याकडं गेलो.

घर चांगलं होतं. अंगणात ट्रॅक्टर, गोठ्यात दोन जर्सी गाई. सासू अगत्यानं पुढं आली. "आवं या की. सुनंच्या मॅडम न्हवं का तुमी? बसा, बसा." अश्विनी आतून आली. कडेवर लहान मुलगी. मॅडमच्या पाया पडली आणि चहा ठेवायला गेली. ती चहा करत होती तेवढा वेळ सासू बोलत होती. "शिकलीया लय. पर त्याचा उपेग काय हितं? त्यापरीस बीएड केलं असतं तर गावच्या शाळंत तरी लागली असती."

चहा घेताना मॅडम विद्यापीठाचं बोलल्या. शेवटचं वर्ष इथूनही पुरं करता येईल, मी त्यांच्याशी बोलते, मुलीला सांभाळायला आजी आहेच. अश्विनी "हो मॅडम", "बघू मॅडम" म्हणत राहिली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. एके काळी जी मुलगी मॅडमना फळा पुसायला लावायची ती मॅडमच्या प्रत्येक वाक्याला होकार देत होती, आणि मला दिसत होतं की मॅडमना तोच सहन होत नव्हता.

निघताना ती फाटकापर्यंत आली. सासू मागं राहिली होती. हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, ते फोटो नका पाठवू आता. बघवत नाहीत."

मॅडमनी मान हलवली. मुलीच्या गालाला हात लावला आणि चालू लागल्या.

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागायला वेळ होता. मॅडम बाकावर बसल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. मी म्हणाले, "तुमचा काय दोष? असं होईल हे कुणाला माहीत होतं?"

"मला होतं," त्या म्हणाल्या. "अगं सुनंदा, माझंच असं झालं होतं. पीएचडीला नाव घातलेलं, गाइड चांगले. अब्बाजानच्या छातीत कापूस भरला, खोकल्यानं अंथरुणाला खिळले. भाई लहान. मी सोडून आले आणि ही नोकरी धरली. विषय मोठा असला की वाट लांब असते, आणि लांब वाटेवर घरात काही ना काही होतंच. हे मला माहीत होतं. सुभेदारांनी मला सरळ विचारलं, कवा? एकदा नाही, दोनदा. आणि मी काय केलं? तिचं कौतुक सांगितलं." मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझं नाही झालं, हिचं होईल. मी तिला विषय दिला गं. पायाखाली काही दिलं नाही."

गाडी लागली तरी त्या उठल्या नाहीत. मी हाताला धरून उठवलं.

त्यानंतर मॅडम बदलल्या. जूनमध्ये पालक यायचे, पोरं यायची, पण आता त्या आधी घरचं विचारायच्या. घरात कमावतं कोण, मागं बहिणी किती, तब्येती कशा. मुलींना तर सरळ सांगायच्या, "आधी इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर घे. चार वर्षांत स्वतःच्या पायावर उभी राहा. मग त्याच दारानं क्वांटममध्ये जाता येतं, उशिरा का होईना. कमावती असलीस की तुला कुणी घरी बोलावून घेणार नाही." त्यात खोटं काही नव्हतं. बऱ्याच जणी त्या वाटेनं नीट गेल्या, नोकऱ्या लागल्या, पेढे घेऊन आल्या.

एक मुलगी मात्र ऐकेना. जतकडची होती. तिला फिजिक्सच हवं होतं आणि ती खरोखर तशी होती, हे मलाही कळत होतं. मॅडमनी तासभर समजावलं. ती रडली. शेवटी इलेक्ट्रॉनिक्सचा फॉर्म भरायला कबूल झाली आणि डोळे पुसत गेली. मॅडम खिडकीशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. "हिचंही मी वाटोळंच केलं का गं?" कापसाच्या कमानीची गोष्ट त्यांनी त्या वर्षापासून वर्गात सांगितली नाही.

निवृत्तीला थोडं राहिलं असताना त्यांच्या पोटात दुखायला लागलं. मिरजेला तपासण्या झाल्या. कॅन्सर पसरला होता. औषधं काही महिने चालली, मग डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं. भाई येऊन त्यांना रहिमतपूरला घेऊन गेला.

मी जमेल तसं रेल्वेनं जाऊन यायचे. त्यांना रस्त्याकडच्या खोलीत ठेवलं होतं. भाऊ, भावजय जिवापाड करत होते. मॅडम फार बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "अश्विनीला कळवू नकोस हं. तिला यायला जमणार नाही, मग उगीच वाईट वाटत बसेल." मी सांगली गाठायच्या आत अश्विनीला कळवलं. उत्तर आलं नाही.

मी शेवटची गेले त्या दिवशी दुपारी दारात ती उभी होती. मुलीचा हात धरून, घामेजलेली. मॅडमना गुंगी होती. अश्विनी पायाशी बसली आणि पाय चेपायला लागली. बऱ्याच वेळानं मॅडमनी डोळे उघडले. एकदम ओळखलं.

"कशी आलीस?"

"एसटीनं."

"घरी काय सांगितलंस?"

"डॉक्टरकडं जाते म्हणून."

"माझं चुकलं गं बाळ," त्या म्हणाल्या. अश्विनीनं कपाळ मॅडमच्या हातावर टेकवलं आणि तशीच राहिली. तिचे खांदे हलत होते. मुलगी घाबरून आईच्या साडीला धरून उभी होती. मॅडमचा दुसरा हात उचलत नव्हता. मी तो उचलून अश्विनीच्या केसांवर ठेवला.

"किती वाजले?" मॅडमनी मला विचारलं. मी सांगितलं. "मग ऊठ बाळ. साताऱ्याची गाडी आहे आत्ता. उशीर झाला तर विचारतील."

अश्विनी उठली. तिनं डोळे पुसले, मुलीला उचललं आणि निघाली. मॅडम म्हणाल्या, "मला बसतं कर." मी पाठीमागं उशा लावून त्यांना खिडकीशी टेकवलं. त्यांनी गज धरला. उन्हात गल्लीतून अश्विनी चालली होती, भराभर, मुलगी कडेवर. कोपऱ्यावर ती थांबली. मागं वळून बघेल म्हणून मॅडम जरा पुढं झाल्या. तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं, पदर ओढून डोक्यावर घेतला आणि वळून दिसेनाशी झाली.

मॅडमनी गजावरचा हात सोडला.

"आता आडवी कर मला, सुनंदा," त्या म्हणाल्या.